नाममुद्रा आणि फिरते गीत : वामनदादा कर्डक यांच्या रचनेचा विचार

मराठी शाहिरीचा इतिहास लिहिण्याची जी रीत आपल्याकडे रूढ झाली आहे, तिच्यात दोनच दालने प्रशस्त दिसतात. पहिले उत्तर पेशवाईचे. अनंत फंदी, रामजोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर ही नामावळी त्यात येते आणि १८१८ च्या सुमारास दालनाचा दरवाजा लोटला जातो. दुसरे दालन एकदम विसाव्या शतकाच्या मध्यावर उघडते. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ हे त्याचे विषय होत. दलित साहित्याचा इतिहास याहून वेगळा लिहिला जातो. तो बहुधा १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनापासून आरंभ करतो आणि कथा, कविता व आत्मकथन या मुद्रित प्रकारांकडे वळतो. वामन तबाजी कर्डक, म्हणजे अवघा महाराष्ट्र ज्यांना वामनदादा म्हणून ओळखतो ते, या दोन्ही इतिहासांच्या सांध्यात सापडले आहेत. शाहिरीच्या अभ्यासकास ते चळवळीचे वाटतात. दलित साहित्याच्या अभ्यासकास ते गाण्याचे वाटतात. दोघेही त्यांना आदराने एखाददुसरा परिच्छेद देतात आणि पुढे जातात. त्या परिच्छेदात 'प्रचारगीते' हा शब्द हटकून असतो.

हा शब्द खोटा आहे असे नाही. वामनदादांनी आयुष्यभर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विचाराचा प्रचार केला आणि तसे ते स्वतः अभिमानाने म्हणत. परंतु प्रचार हा हेतू झाला. हेतू सांगितल्याने रचनेचे स्वरूप सांगितले जात नाही. तुकोबांचा हेतू हरिभक्ती होता, एवढे म्हणून कोणी अभंगाचा विचार थांबवीत नाही. वामनदादांच्या गीतांची घडण ज्या परिस्थितीतून झाली ती परिस्थिती, म्हणजे कोणाच्याही पदरी नसलेल्या एका फिरत्या गीतकार-गायकाचा व्यवसाय, नीट पाहिली तर त्या गीतांच्या भाषेतील पुष्कळशा गोष्टींचा उलगडा होतो.

'पदरी नसलेला' हे विशेषण येथे नेमक्या अर्थाने वापरले आहे. पेशवाईतील शाहिराला दरबार होता, निदान सरदाराची बिदागी होती. अण्णा भाऊ, गव्हाणकर आणि अमर शेख यांनी १९४४ साली लालबावटा कलापथक उभे केले तेव्हा त्यांच्या पाठीशी एक संघटित पक्ष होता. चित्रपटाच्या गीतकाराला निर्माता असतो, आकाशवाणीच्या गायकाला करार असतो. वामनदादांना यांपैकी कोणताही स्थिर आधार नव्हता. चळवळ त्यांची होती, पण चळवळीने त्यांना वेतन दिले नाही. खांद्याला पिशवी, पिशवीत वही, ज्या गावी कार्यक्रम त्या गावी मुक्काम, आणि श्रोत्यांनी दिले त्यावर निर्वाह, असा तो सुमारे सहा दशकांचा संसार होता.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी झाला. वडिलांचे नाव तबाजी आणि आईचे सईबाई. शाळेचा योग आला नाही. गुरे राखणे, लाकडे फोडणे अशी कामे करीत बालपण गेले आणि पुढे कामाच्या शोधात मुंबई गाठावी लागली. तेथे गिरणीत व अन्यत्र मिळेल ते अंगमेहनतीचे काम त्यांनी केले. शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहत असतानाचा एक प्रसंग त्यांनी पुढे अनेकदा सांगितला आहे. कोणी एकाने आलेले पत्र वाचून दाखविण्यासाठी त्यांच्या हाती दिले. ते वाचता येईना, आणि त्या लाजेने त्यांना रडू कोसळले. त्यानंतर समता सैनिक दलाच्या संपर्कातील एका शिक्षकांकडून त्यांनी बाराखडी शिकून घेतली. जोडाक्षरे मात्र रस्त्याने जाता-येता दुकानांच्या पाट्या वाचून आत्मसात केली. १९४३ साली त्यांचे पहिले गीत झाले. ते एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर बांधलेले होते.

या घटनाक्रमात काळाचे अंतर फार थोडे आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अक्षरओळख आणि गीतरचना यांचा आरंभ जवळजवळ लागोपाठ झाला. मौखिक रचनेचा विचार करणाऱ्या पाश्चात्त्य अभ्यासकांपैकी आल्बर्ट लॉर्ड यांनी 'द सिंगर ऑफ टेल्स' या १९६० सालच्या ग्रंथात असे मत मांडले होते की, गायकाच्या मनात 'स्थिर संहिता' ही कल्पना एकदा रुजली की त्याची मौखिक रचनाशक्ती संपुष्टात येते. दोन्ही अवस्थांच्या मधली अवस्था त्यांना मान्य नव्हती. लॉर्ड यांच्यासमोर युगोस्लाव्हियातील वीरकाव्ये गाणारे गायक होते, हजारो चरणांची कथा गाता गाता रचणारे. त्यांचा निष्कर्ष मराठी शाहिराला जसाच्या तसा लावणे योग्य होणार नाही. तरीही वामनदादांचे उदाहरण त्यापुढे ठेवण्यासारखे आहे. येथे वही आहे, लेखन आहे, आणि तरीही प्रत्येक शब्दाची कसोटी कानाची आहे. लिपी त्यांना रचनेच्या साठवणुकीसाठी उपयोगी पडली. रचनेचे व्याकरण, छंद आणि लय ही त्यांना लिपीच्या आधीच, ऐकून, मिळालेली होती. पाट्यांवरून शिकलेला माणूस गीत लिहितो तेव्हा त्याच्या वहीतील ओळ ही गाण्याची खूण असते, कवितेची ओळ नव्हे.

हे ऐकलेले काय होते? नाशिक जिल्हा आणि मुंबईचे गिरणगाव या दोन्ही ठिकाणी त्या काळी जलशाची परंपरा जिवंत होती. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ ची. त्याच्या प्रचारासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी जे जलसे उभे राहिले त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातील आशय पालटला. महाडचा सत्याग्रह १९२७ मध्ये झाला, नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला, आणि त्या वातावरणात भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी आंबेडकरी जलसा उभारला. (भीमराव आणि वामन या दोन कर्डकांची गफलत विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून अधूनमधून आढळते. भीमराव हे आधीच्या पिढीचे, जलसाकार आणि 'आंबेडकरी जलसे' या १९७८ सालच्या ग्रंथाचे कर्ते होत.) जलशात गण होता, बतावणी होती, वग होता. त्यासाठी आठ-दहा माणसांचा संच, त्यांची तालीम आणि त्यांची सवड लागे.

वामनदादा पुढे आले तोवर या संचाचे दिवस सरत चालले होते. बोलपट गावोगावी पोहोचला होता आणि त्याची गाणी लोकांच्या तोंडी बसली होती. मुंबईच्या वस्त्यांत कव्वालीचे सामने रंगू लागले होते. जलशातील बतावणी व वग गळाले आणि गाणे तेवढे उरले. त्याचबरोबर संचाची जागा 'गायन पार्टी'ने घेतली. पेटी, ढोलकी किंवा तबला, मागे धरणारे दोघे-तिघे एवढ्यावर रात्र निभावता येई, आणि हे साथीदार बहुतेक गावांत तेथल्या तेथे मिळत. एकट्या गीतकाराला फिरता येण्याजोगी ही पहिली सोय होती. वामनदादांचे स्वातंत्र्य या सोयीवर उभे आहे. अपरिचित साथीदारांबरोबर दर मुक्कामी नव्याने गायचे, तर चाल त्यांना आधीच ठाऊक असली पाहिजे, धृपद एकदा ऐकताच झील धरणाऱ्यांना उचलता आले पाहिजे, आणि ठेका साधा असला पाहिजे. ज्या गोष्टींना समीक्षक 'सुलभपणा' म्हणून बाजूस सारतात त्या या व्यवसायाच्या अटी होत्या.

उसन्या चालींविषयी तर विशेष नापसंती दाखविली जाते. वस्तुतः हा आक्षेप मराठीत घेणे थोडे अवघड आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले तेव्हापासून नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एखाद्या परिचित गाण्याचा निर्देश छापण्याचा प्रघात पडला. कीर्तनकार तर त्याच्या कितीतरी आधीपासून एकाच्या चालीवर दुसरे पद बसवीत आले. नाट्यपदास जे भूषण ठरले ते भीमगीतास दूषण ठरावे याला साहित्यशास्त्रात आधार सापडत नाही. चळवळीच्या वर्तुळात अशा रचनेला पुष्कळदा 'विडंबन' म्हणत, आणि त्यात थट्टेचा भाव नसे. शब्दाचा हा अर्थ कोशात आढळत नाही, पण तो त्या गाणाऱ्यांच्या तोंडी होता. मूळ गीताचे शब्द काढून त्याच्या रिकाम्या साच्यात आपले शब्द भरणे, एवढाच त्याचा आशय. साचा भरताना मात्र मात्रांचे गणित चुकता येत नाही, कारण चाल श्रोत्याला पाठ असते आणि शब्द अडखळला की तो लगेच ओळखतो.

हे गणित वामनदादांना किती साधले होते याचा दाखला त्यांच्या एका सर्वश्रुत गीतात मिळतो. बाबासाहेबांच्या मताची पाच माणसे जरी असती तरी चित्र वेगळे दिसले असते, अशा आशयाचे ते गीत. रिपब्लिकन पक्ष १९५७ साली स्थापन झाला आणि लवकरच फुटींनी ग्रासला. त्या विषादाच्या पार्श्वभूमीवर हे गीत लोकांनी आपलेसे केले. त्याच्या मुखड्याचा लगक्रम पाहिला तर तो 'गागालगालगागा' ची द्विरावृत्ती ठरतो. मराठी छंदःशास्त्रात हे वृत्त आनंदकंद म्हणून ओळखले जाते, आणि उर्दूत इक्बालांच्या 'सारे जहाँ से अच्छा' या गीताचे वृत्त तेच आहे. मुखड्यात एका ठिकाणी 'री' हे अक्षर गाताना ऱ्हस्व उच्चारावे लागते. एरवी सारा चरण गुरुलघुक्रमात काटेकोर बसतो. यमकाची योजनाही गझलेची आहे. '-ओक' अशा ध्वनीची यमके आणि त्यांच्या पाठोपाठ 'असते' हे स्थिर अंत्यपद, म्हणजेच रदीफ. छंदांचा ग्रंथ न उघडता हे वृत्त त्यांच्यापर्यंत कव्वालीच्या वाटेने, कानाने आले असले पाहिजे.

परंतु या गीताचे खरे वैशिष्ट्य वृत्ताहून त्याच्या क्रियापदात आहे. अंत्यपद म्हणून निवडलेले 'असते' हे रूप संकेतार्थाचे आहे. मो. के. दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून (१९११) संकेतार्थाचा विचार आपल्या व्याकरणांत होत आला आहे. 'जर' आणि 'तर' यांनी जोडलेली, जे घडले नाही त्याविषयीची वाक्ये हे त्याचे क्षेत्र. मराठीची गंमत अशी की एकवचनी नपुंसकलिंगी कर्त्याबरोबर 'असते' हे रूप नेहमीचे, रीतिवाचकही असू शकते. 'घरात पाणी असते' या वाक्यात कोणताही खेद नाही. पण मुखड्यातील कर्ता 'लोक' हा अनेकवचनी पुल्लिंगी आहे. रीतिवाचक रूप 'असतात' झाले असते; तेथे 'असते' येताच मराठी कानाला ही माणसे नाहीत असे कळून चुकते. नकाराचा एकही शब्द न वापरता अभाव सांगण्याचे सामर्थ्य या एका प्रत्ययात आहे. आणि रदीफ असल्यामुळे ते रूप प्रत्येक कडव्याच्या शेवटी पुन्हा येते. पुढे कर्ता नपुंसकलिंगी एकवचनी झाला तरी मुखड्याने लावून दिलेला संकेतार्थ तेथेही कायम राहतो. श्रोत्यांवर थेट दोषारोप करणारे भाषण सभेत फार वेळ ऐकून घेतले जात नाही. हे गीत मात्र ज्यांच्याविषयी आहे तेच लोक झील धरून गातात. व्याकरणाने साधलेली ही युक्ती केवळ 'प्रचार' या शब्दात मावत नाही. प्रचारगीत शत्रूकडे बोट दाखविते. येथे बोट आतल्या बाजूला वळले आहे.

याच्या नेमके उलट, शत्रूकडे बोट दाखविणारे गीतही त्यांच्याकडे आहे. बिर्ला, बाटा, टाटा या नावांना पुढे करून, देशाच्या धनात आमचा हिस्सा कोठे आहे असे विचारणारे ते प्रश्नगीत आहे. येथे भाषा एकदम बदलते. 'आहे'च्या जागी 'हाय' येते, 'हो' हे संबोधन वाक्याच्या शेपटीला लागते, आणि सारी रचना चावडीवरच्या बोलण्यासारखी चालते. यमकांची गंमत अशी की उद्योगपतींची परकी विशेषनामे 'वाटा', 'साठा' या ठेठ मराठी शब्दांशी जुळविली आहेत. बाटा ही वस्तुतः चेक मुलुखातून आलेली जोड्यांची पेढी; उरलेल्या दोन घराण्यांच्या पंक्तीत ती मुख्यतः यमकाच्या ओढीने बसली असावी. पण 'ट' आणि 'ठ' या मूर्धन्य ध्वनींची जी आदळआपट त्यामुळे निर्माण होते, ती ढोलकीच्या थापेशी इतकी जमून जाते की अर्थशास्त्राच्या काटेकोरपणाची तेथे कोणाला आठवण होऊ नये. 'वाटा' हा शब्दही सहज आलेला नाही. गावगाड्यात वाटा, बलुते, हक्क ही महारकीच्या जुन्या जगण्यातील परिभाषा होती. १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी जमिनीचा प्रश्न ऐरणीवर आणला. गावच्या बलुत्यातील 'वाटा' या शब्दाला देशाच्या संपत्तीतील हिश्शाचा अर्थ देणे हे त्याच विचाराचे भाषिक रूप आहे.

एकच कवी एका गीतात गझलेचे प्रमाण मराठी वापरतो आणि दुसऱ्यात 'हाय हो' म्हणतो. पुस्तकात ही दोन गीते समोरासमोर आली की वाचकाला विसंगती वाटते. ऐकणाऱ्याला ती वाटत नाही, कारण कव्वालीच्या साच्याबरोबर एक भाषा येते आणि तमाशाच्या साच्याबरोबर दुसरी. चाल उसनी घेताना वामनदादा तिच्याबरोबरची बोलीही घेतात.

तिसरा साचा संतकवितेचा. बाबासाहेबांच्या जन्मामुळे कोट्यवधी कुळांचा उद्धार झाला असे सांगणारे त्यांचे गीत आज १४ एप्रिलच्या मिरवणुकीत अपरिहार्य झाले आहे. 'उद्धरणे' आणि 'कुळे' हे दोन्ही शब्द वारकरी परिभाषेतील. तेथे कुळे उद्धरतात ती नामाने, भक्ताच्या पुण्याईने किंवा देवाच्या कृपेने. वामनदादांच्या धृपदात 'कुळे' या शब्दाशी यमक जुळविणारा प्रत्यय '-मुळे' हा आहे. कृपा सांगताना मराठी सामान्यतः तृतीयेचा आश्रय करते. '-मुळे' हे शुद्ध कारणवाचक शब्दयोगी अव्यय. आणि ज्या गोष्टीला कारण म्हटले आहे ती १८९१ सालची एक ऐतिहासिक घटना आहे. संतांच्या शब्दांतून चमत्कार काढून घेऊन त्या जागी कार्यकारणभाव बसविण्याचे हे काम यमकाच्या गरजेतूनच घडले, असे कोणी म्हणेल. तसे असेलही. परंतु १९५६ च्या धर्मांतरानंतर देव नाकारलेल्या समाजाला उद्धाराची भाषा हवीच होती, आणि ती भाषा देव वगळून कशी वापरावी याचे उत्तर त्या समाजाला अशाच गीतांतून मिळाले. या गीतांवर 'नवी व्यक्तिपूजा' असा आक्षेप घेतला जातो. आक्षेपात तथ्य नाही असे नाही, आणि वामनदादांच्या सामान्य प्रतीच्या पुष्कळ रचना त्यातून सुटत नाहीत. चांगल्या रचनांत मात्र पूजेच्या शब्दांना असा एखादा परका प्रत्यय लागलेला आढळतो.

सर्वनामांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. आंबेडकरी समाजात गद्यात बोलताना बाबासाहेबांविषयी नेहमी आदरार्थी अनेकवचन वापरले जाते. गीतात ते 'भीमा' होतात आणि 'तू' होतात. हा एकेरीपणा सलगीचा आहे आणि तोही विठ्ठलाला 'तू' म्हणणाऱ्या परंपरेतून आलेला आहे. ६ डिसेंबर १९५६ नंतर या 'तू'चा अर्थ पालटला. तोवर ज्याला उद्देशून गायचे तो पुरुष हयात होता, सभेत दिसत होता. आता संबोधन उरले आणि संबोध्य गेला. वामनदादांच्या उत्तरकाळातील विषादाच्या गीतांत संबोधनाचा जो आग्रह दिसतो त्याचे मूळ येथे असावे.

आता नाममुद्रेकडे वळू. अंतिम कडव्यात 'वामन' हे नाव गुंफण्याची त्यांची रीत संतांची आणि शाहिरांची आहे. जॉन स्ट्रॅटन हॉली यांनी उत्तर भारतीय भक्तिकाव्याविषयी १९८८ साली असे प्रतिपादन केले की, अशा मुद्रेतील नाव कर्तृत्वापेक्षा अधिकार दर्शविते. एखादे पद सूरदासाचे म्हणणे म्हणजे ते त्या परंपरेच्या प्रामाण्याखाली आणणे होय. वामनदादांच्या बाबतीत हा विचार उलटा करावा लागतो. त्यांच्या मागे संताचा अधिकार नव्हता. होते ते श्रमाचे कर्तृत्व, आणि ते हरविण्याची भीती रोजची होती. गीत आज एका गावी गायले की उद्या दुसरी गायन पार्टी ते गाणार, यात त्यांना आनंदच होता. वहीतील कागद फाटतो, पुस्तिका विरते, पण कडव्यात विणलेले नाव गाणाऱ्याच्या तोंडून निघाल्यावाचून राहत नाही. 'वामन' हा चार मात्रांचा शब्द केरव्याच्या आठ मात्रांच्या आवर्तनात नेमका अर्धा बसतो. ढोलकीवाल्याला त्यासाठी काही सांभाळावे लागत नाही. नाव कधी तृतीय पुरुषात येते, कधी संबोधन म्हणून येते आणि कवी स्वतःलाच उपदेश करतो.

या नावात एक विरोधाभास दडलेला आहे. जोतीराव फुले यांच्या 'गुलामगिरी'त (१८७३) बळिराजा हा शूद्रातिशूद्रांचा न्यायी राजा आहे आणि त्याला पाताळात लोटणारा वामन हा आक्रमकांचा प्रतिनिधी आहे. ज्या परंपरेने वामनावताराची कथा उलटी वाचायला शिकविली, तिच्याच सर्वांत लोकप्रिय गीतकाराची मुद्रा 'वामन' असावी! लोकांनी मात्र या नावाला 'दादा' जोडून तो प्रश्न कधीच मिटविला.

नाममुद्रेचा हा उपाय मौखिक प्रसारापुरता चोख होता. यंत्राने मात्र त्याला गाठले. ध्वनिमुद्रिकेची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते. चार-पाच कडव्यांच्या गीतातून काही गाळायचे झाले की शेवटच्या कडव्यावर प्रथम संक्रांत येते, आणि नाव तर तेथेच असते. १९८० नंतर ध्वनिफितींचा व्यापार वाढला. चैत्यभूमी आणि दीक्षाभूमी येथील दुकानांतून भीमगीतांच्या फिती मोठ्या प्रमाणात विकल्या जाऊ लागल्या. वेष्टणावर ठळक नाव गायकाचे असे. ध्वनी मुद्रित झाला आणि नाममुद्रा पुसली गेली, असा हा व्यवहार. गायकांना दोष देण्यात अर्थ नाही. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांनी भीमगीत ज्या समुदायापर्यंत नेले तेथपर्यंत एकट्या माणसाचे पाय पोहोचले नसते. तरीही गीतकार स्वतंत्र असण्याची किंमत येथे कळते. ज्याच्यामागे संस्था नाही त्याच्या वतीने हिशेब मागणाराही कोणी नसतो.

वामनदादांचे संग्रह उशिरा निघाले. 'वाटचाल' १९७३ मध्ये, 'मोहळ' १९७६ मध्ये, 'हे गीत वामनाचे' १९७७ मध्ये आणि 'माझ्या जीवनाचं गाणं' १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिला संग्रह निघाला तेव्हा त्यांना गाऊ लागून तीस वर्षे झाली होती. दलित पँथरची स्थापना १९७२ ची. तरुण कवींच्या मुक्तछंदाकडे समीक्षेचे लक्ष वेधले गेले होते, आणि यमकबद्ध, चालीवरचे गीत त्या समीक्षेला मागासलेले वाटले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा १९७८ पासून १९९४ पर्यंत चालला. त्या सोळा वर्षांत रस्त्यावर काय गायले गेले याचा शोध घेणाऱ्याला मात्र मुक्तछंदापेक्षा या गीतांकडेच वळावे लागते. १५ मे २००४ रोजी नाशिक येथे वामनदादांचे निधन झाले. त्यांच्या गीतांची संख्या दहा हजार सांगितली जाते. लोककवीच्या बाबतीत असे आकडे गौरवाचे असतात, नामदेवांच्या शतकोटी अभंगांच्या प्रतिज्ञेसारखे. मुद्रित संग्रहांत त्यांतील अल्पांशच आला आहे.

म्हणून संहितेचा प्रश्न शिल्लक राहतो. प्राचीन हस्तलिखितांच्या संपादनाची पद्धती येथे अपुरी पडते. ती मूळ प्रत शोधते आणि पाठभेदांना अपभ्रंश मानते. वामनदादांच्या गीताची वहीतील प्रत, त्यांनी स्वतः निरनिराळ्या ठिकाणी गायलेली रूपे, संग्रहातील मुद्रित रूप आणि गायकांनी ध्वनिमुद्रित केलेले रूप यांपैकी कोणते 'मूळ' म्हणावे हे ठरविण्याआधी प्रत्येक रूप कशासाठी तयार झाले ते नोंदले पाहिजे. निदान दोन गोष्टी भावी संपादकाने टाळू नयेत. पहिली, चालीचा निर्देश. तो मुद्रणात गळाला की रचनेच्या मात्रांचे कारणच नाहीसे होते, आणि वाचकाला जे शब्द भरतीचे वाटतात ते चालीच्या कोणत्या वळणासाठी आले हे कळत नाही. दुसरी, बोलीची रूपे. 'हाय'चे 'आहे' करणारा शुद्धलेखनप्रेमी मुद्रितशोधक एका फटक्यात गीताचा साचा पुसून टाकतो. गझलेच्या बांधणीच्या गीतातील प्रमाण रूपांना जसा अर्थ आहे तसाच या बोलीरूपांनाही आहे.

भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ चा. १९९२ च्या दुरुस्तीनंतर लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे अधिकार टिकतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराचा स्वामित्वधनावरील हक्क अधिक स्पष्ट केला. त्या हिशेबाने वामनदादांच्या गीतांवरील अधिकार २०६४ च्या अखेरपर्यंत कायम आहे. कायद्याच्या या कलमांचा फायदा घेण्यासाठी प्रथम गीत त्यांचे आहे हे दाखवावे लागते, आणि जेथे वही नाही, पुस्तक नाही, तेथे त्या पुराव्यासाठी शेवटच्या कडव्यातील चार मात्रांकडेच जावे लागते.